अकरा कोरे महिने

मी एक जुना ओझोनमापक आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. दिसायला मी साधी पत्र्याची पेटी. कारखान्यात माझ्या पोटात एक दिवा बसवला आणि काम नेमून दिलं: बाहेरची हवा आत ओढायची आणि तिच्यात ओझोन किती, ते दाखवायचं. उंच आभाळातला ओझोन आपल्याला जपतो, पण जमिनीजवळ वाढला की माणसांच्या छातीला आणि पिकांना बाधतो. जगभर माझी कितीतरी भावंडं हेच काम करतात. सगळ्यांचे आकडे वर्षानुवर्षं जोडत गेलं, तरच हवेचं खरं काय चाललंय ते कळतं.

माझं घर म्हणजे टेकडीवरची एक खोली. तिथले निरीक्षक नाना रोज सकाळी चढून यायचे, चष्मा पुसायचे आणि "काय राव, झोप झाली का?" असं मला विचारून मगच वही उघडायचे. सव्वीस वर्षांत त्यांनी एका दिवसाचाही खंड पडू दिला नव्हता. येईल त्या पाहुण्याला ते हे इतक्यांदा ऐकवत की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

मग माझी हवा ओढायची पांढरी नळी तडकली. नानांनी कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं नाही. खंड पडू नये म्हणून त्यांनी घरून रबरी नळीचा तुकडा आणून जोडला. "दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे," ते म्हणाले. नवी नळी काही आली नाही, आणि तो रबरी तुकडा सगळ्यांच्या अंगवळणी पडून गेला.

माझे आकडे उतरले. ऋतू बदलत होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. पुढे ऋतू पालटला, तरी ते वर चढेनात. नाना मात्र खूश. त्यांच्या लेकीला दमा होता. ते तिला फोनवर म्हणायचे, "पोरी, हवा सुधारतेय बरं का. आपलं यंत्र खोटं बोलत नाही." ते ऐकून माझा जीव तुटायचा. पण माझ्यापर्यंत जेवढं पोचत होतं, तेवढंच मी दाखवणार.

अकराव्या महिन्यात तपासनीस बाई आल्या. त्या एकेकाळी नानांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी आपलं यंत्र माझ्या शेजारी लावलं. त्याचा आकडा चाळीस, माझा एकतीस. त्या माझ्यामागे वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"नाना, ही नळी कोणी लावली?"

"मीच. तात्पुरती."

"रबर ओझोन खातं, नाना. मला हे तुम्हीच शिकवलंत."

नाना खुर्चीत बसले. "पोरीला काय सांगू आता?" एवढंच म्हणाले.

बाईंचा आवाज उतरला. "अंदाजानं आकडे दुरुस्त करता येतील का, बघू?"

"नको. रोज किती खाल्लं, ते कोणाला माहीत? वही दे इकडे."

त्यांनी स्वतःच्या हातानं अकरा महिन्यांवर रेघ मारली. ते त्यांच्या नोकरीचे शेवटचे महिने होते. नाना निवृत्त झाले आणि आठच दिवसांनी नळी आली. पाठोपाठ नवं यंत्रही आलं. मी फडताळावर गेलो.

मित्रांनो, जे यंत्र तुमच्यासाठी राबतं, त्याची नळी वेळेवर बदला. आणि सगळ्या जगाच्या नोंदींत आमच्या टेकडीचे अकरा महिने कोरे दिसले, तर हसू नका. वहीत त्या रेघेखाली नानांच्या अक्षरात लिहिलं आहे: "चूक माझी. यंत्राला बोल लावू नये."