अर्धीच मोजलेली मेमरी

टप्. मोरीतल्या नळाचा थेंब रिकाम्या बादलीत पडला, तेवढाच काय तो आवाज. मी उत्तरेश्वरांच्या तळहातावर होते. समोर पूर्णिमा उभी होती, ओढणीला हात पुसत.

मित्रांनो, मी एक जुनी मेमरीची पट्टी आहे. टूथब्रशपेक्षा जरा आखूड, हिरवी, अंगावर काळ्या चिपा. चालू संगणक हाताशी लागेल ते माझ्यापाशी ठेवतो. बंद झाला की मी सारं विसरते. २००१ सालची ही सकाळ मात्र विसरले नाही.

परदेशातल्या कारखान्यातून मी पुण्याच्या बिबवेवाडीत आले, उत्तरेश्वरांच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात. पूर्णिमा तिथे कामाला होती. मला उचलण्याआधी ती खिडकीच्या गजाला हात लावायची, अंगातली वीज उतरावी म्हणून. लेकीचं कपाळ चाचपावं तितक्या हलक्या हाताने धरायची.

लेक चैताली तापाने फणफणली होती. म्हणून पूर्णिमाने मला रात्री घरी नेलं आणि सकाळी घरूनच जाऊन बापूरावांच्या संगणकात बसवलं. ते लग्नपत्रिका छापत. ती घाईने परतली. मागे बापूरावांनी पडद्यावर पाहिलं. मी २५६ एमबीची, पण तिथे आकडा होता १२८.

तासाभरात बापूराव आणि उत्तरेश्वर, दोघे मला काढून तिच्या दारात.

"लेबल २५६चं, माल १२८चा," बापूराव म्हणाले. "अहो, संगणक कशाला खोटं बोलेल? त्याला काय घरी लेकरं सांभाळायचीत?"

"पूर्णिमा, रात्री घरी नेलेली खरी पट्टी दे," उत्तरेश्वर म्हणाले. "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. बाकीच्या दुकानांना काय सांगायचं ते मी सांगेन."

"सर, हीच आहे ती."

मी होते ना तिथे! पूर्ण, धडधाकट. पण मला कुठे तोंड आहे?

पूर्णिमा एकदम म्हणाली, "सर, वरच्या मजल्यावर भीमरावकाकांनी नवा संगणक घेतलाय. तिथे लावून बघू. तिथेही १२८ आलं, तर मी स्वतःच येणार नाही."

चैतालीला कडेवर घेऊन ती जिना चढली. भीमरावकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, फक्त संगणकावरचं विणलेलं झाकण काढलं.

पूर्णिमाने आतली पट्टी काढून मला खाचेत दाबलं. खट्. काळ्या पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे धावू लागले, केबीमध्ये. साठ हजार. एक लाख. एक लाख एकतीस हजार, म्हणजे १२८ एमबी... बापूरावांचा संगणक इथेच थांबला होता. चैतालीच्या पायावरची पूर्णिमाची बोटं घट्ट झाली.

आकडे पुढे धावले. दोन लाख. दोन लाख बासष्ट हजार. पूर्ण २५६!

"त्यांचा बोर्ड जुना आहे, सर," ती हळूच म्हणाली. "त्यातली मुख्य चिप या नव्या, जास्त मेमरी भरलेल्या चिपा अर्ध्याच मोजते."

"म्हणजे आमचं यंत्रच अर्धशिक्षित," बापूराव म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

"उद्या दहाला ये," उत्तरेश्वर म्हणाले. बस्, एवढंच. दोघे जिना उतरले.

पुढे काकांच्या संगणकात मी सात वर्षं काम केलं, त्यांच्या लेकाची कितीतरी पत्रं ते वाचेपर्यंत सांभाळली. आता पूर्णिमाच्या बिस्किटांच्या डब्यात असते, इतर जुन्या पट्ट्यांसोबत. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. पडद्यावरच्या आकड्यावरून कुणाला चोर ठरवण्याआधी, मोजणाऱ्याला मोजता येतं का, तेही बघा.

त्या दिवशी काकांनी मला विकत घेऊन तिथेच राहू दिलं होतं. पूर्णिमा खुर्चीत टेकली. चैतालीने तापलेला गाल तिच्या खांद्यावर ठेवला आणि विचारलं,

"आई, काकांनी नवा संगणक घेतलाच नसता, तर तू चोर झाली असतीस?"