विचारून घेतलेला शब्द

'सुगोई' या जपानी विशेषणाचा पहिला अर्थ शब्दकोशाच्या शालेय आवृत्तीत ठेवायचा की गाळायचा, हे शुक्रवारी ठरायचे होते. मूळ अर्थ अंगावर काटा आणणारे, जीव गारठवणारे. पुढे तो 'भयंकर मोठे' झाला, आणि आता नुसताच 'मस्त'.

"निशिवाकीसाहेब, माझी मुलगी आइस्क्रीमलासुद्धा सुगोई म्हणते," सहसंपादक हातानोबाई हसल्या. "तुमचा काटा आता फक्त माशातच उरलाय."

"जुन्या अर्थाचं, हयात माणसाच्या तोंडचं एक उदाहरण मिळालं तर?"

"तर ठेवू. पण विचारून काढलेलं चालत नाही. नियम तुमचाच."

नियम खरोखरच कान्जी निशिवाकींचा होता. तीस वर्षे प्रत्येक कार्डावर तारीख, गाव, बोलणारा आणि शेवटच्या रकान्यात 'ऐकून' किंवा 'विचारून'. 'विचारून' असलेले कार्ड बाद.

गुरुवारी ते उत्तरेच्या किनाऱ्यावर थोरल्या बहिणीकडे गेले. लहानपणी गावावर आलेल्या त्सुनामीच्या लाटेविषयी फुयुताईंनी साठ वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. निशिवाकी वाट पाहत बसले. ताई मुळ्याच्या लोणच्यावर बोलल्या, शेजारणीच्या सुनेवर बोलल्या. परतीची गाडी चारची होती.

"ताई, त्या दिवशी समुद्र कसा होता गं?"

चहा ओतणारा हात थांबला. "मेल्या, ह्यासाठी आलास होय?"

निशिवाकींनी आपला पेला पुढे सरकवला.

"पाणी आधी मागं गेलं," फुयुताई म्हणाल्या. "तळ उघडा पडला. आवाज कसलाच नाही. सुगोई. तू माझ्या पाठीवर, मिनोरू हाताला. दोघांना घेऊन चढवेना. त्याचा हात मी सोडला, कान्जी."

घरात आजवर मधल्या भावाचा हात 'सुटला' असेच सांगितले गेले होते.

"झालं तुझं काम? मग जा आता. पुन्हा येऊ नकोस."

गाडीत त्यांनी नीटस अक्षरात कार्ड भरले. बोलणारी स्त्री, वय चौऱ्याहत्तर. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबले. खोलीत दोघेच होते. तपासायला कोणी जाणार नव्हते. तीन स्टेशने गेली. मग त्यांनी 'विचारून' असे लिहिले.

शुक्रवारी हातानोबाईंनी ते कार्ड दोनदा वाचले. "साहेब, अर्थ ठेवू या ना."

"कार्ड बाद आहे."

लाल पेन्सिल निशिवाकींनी स्वतःच उचलली. पहिल्या अर्थावर पट्टी धरून सरळ रेघ ओढली आणि खालच्या अर्थापुढचा दोन हा आकडा खोडून तिथे एक लिहिला.