झाकणाच्या आतल्या बाजूला

"गप्प तार कापायच्या आधी दार वाजवायचं," काकांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "आणि वाजवून पळायचं नाही. थांबायचं."

तिने मान डोलावली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. काका तीस वर्षं कंपनीत फोन-इंटरनेटच्या तारा जोडत आलेले, निवृत्तीला टेकलेले. त्यांचे असे शंभर नियम. तिच्याकडे पदवी होती, हातात तारेतला प्रकाश मोजायचं यंत्र होतं, आणि ऑफिसची यादी होती. यादीत एखादी लाइन तीस दिवस गप्प दिसली की ती मेली. तिची जागा नव्या गिऱ्हाइकाला द्यायची. यात दार कसलं वाजवायचं?

मग तिने अशीच एक तार काढली. एका निवृत्त कंपाउंडरची. ते महिनाभर बहिणीकडे राहून त्याच संध्याकाळी परतले होते. फोन लागेना, तक्रार रांगेत पडली. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये पाय घसरला आणि दीड दिवस ते फरशीवर पडून राहिले. सरपटत फोनपर्यंत पोचलेही होते म्हणे. वाचले, पण आता काठीशिवाय उभे राहत नाहीत. तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. यादी बरोबर होती ना! हेच तिला डाचत राहिलं.

त्याला दोन वर्षं झाली. आता तिला दीड वर्षाची मुलगी होती आणि जिकडेतिकडे धोका दिसायची सवय लागली होती. टेबलाचे कोपरे, उघडी खिडकी, कुणाचा तरी बराच वेळ न आलेला आवाज.

आज ती एका चार मजली इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या जोडपेटीपुढे स्टुलावर उभी होती. पेटी जेवणाच्या डब्याएवढी, करड्या रंगाची. झाकण उघडलं की आत केसासारख्या काचेच्या तारा गोल गोल वेटोळ्यांत निजवलेल्या, प्रत्येक सांध्यावर काडीएवढी नळी. आठ घरांच्या आठ तारा. झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणारे तारीख आणि आपला क्रमांक मार्करने लिहून ठेवतात. तेवढंच लिहायचं, जास्त एक अक्षर नाही, असा ऑफिसचा दंडक.

आठही जागा भरलेल्या होत्या. तळमजल्यावर दातांचा नवा दवाखाना उघडत होता, त्याला लाइन हवी होती. यादी सांगत होती: सहा नंबर, चौथा मजला, चाळीस दिवस गप्प. काढा.

तिने कात्री खिशात ठेवली आणि वर गेली.

चौथ्या मजल्यावर बेल दाबली. मग दार वाजवलं. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली.

"शिवणाच्या बाई ना? त्या नसतात हो. लेकीकडे गेल्या असतील. मीपण दोनदा वाजवून गेले."

"तुम्ही किती वेळ थांबला होतात?"

"म्हणजे? गॅसवर दूध होतं माझं." आणि दार बंद झालं.

तिने दारापुढची कुंडी पाहिली. मातीला बोट लावलं. ओली होती.

तेवढ्यात फोन. सुपरवायझर साहेब.

"मॅडम, दवाखानेवाले माझ्या डोक्यावर बसलेत. झालं का सहा नंबरचं?"

"दार वाजवतेय साहेब."

"दार? तुम्हाला तार कापायला पाठवलंय की जनगणनेला?"

"माणूस आत आहे. कुंडीला आज पाणी घातलंय कुणीतरी."

"अहो, यादीत बंद म्हणजे बंद! कापा आणि मोकळ्या व्हा. नाहीतर लेखी खुलासा घेईन."

"घ्या," ती म्हणाली. आपला आवाज इतका सरळ निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "कात्री माझ्या खिशात आहे. दार उघडेपर्यंत ती चालणार नाही."

तिने फोन ठेवला. पाळणाघर सुटायला पाऊण तास होता. तरी ती तिथून हलली नाही. तिने पुन्हा दार वाजवलं, आणि या वेळी दाराला कान लावला.

खूप आत काहीतरी घासलं. ठक. थांबलं. परत घासलं. ठक.

"आजी, मी इथेच आहे," ती दाराशी तोंड नेऊन ओरडली. "सावकाश या. मी जात नाही!"

आठ मिनिटं लागली. कडी निघाली तेव्हा समोर चार पायांच्या काठीला दोन्ही हातांनी धरलेली एक वाळकी म्हातारी होती, धापा टाकत, पण डोळे लखलखीत.

"थांबलीस?" ती म्हणाली. "लोक बेल वाजवतात आणि मी पॅसेजपर्यंत येते तोवर चालते होतात. येते येते म्हणून ओरडावं तर आवाज तिथवर पोचत नाही. मला वाटलं, चोर निदान थांबेल तरी."

"आजी, तुमची लाइन चाळीस दिवस बंद आहे."

"ती तुमच्या कंपनीनेच तोडली ना? मुलीचा फोन नाही, काही नाही. मीही फोनला म्हटलं, रुसलास तर रूस बाबा."

ती आजीच्या बाजूने आत गेली. कपाटामागे वाकून पाहिलं. मोडेमचा प्लग सॉकेटमधून निसटून खाली लोंबत होता, आजीला कधीच वाकता येणार नाही अशा ठिकाणी. तिने तो बसवला. दिवे लुकलुकले आणि हिरवे झाले. मिनिटाभरात फोन वाजला. तिकडून कुणीतरी रडत होतं आणि आजी दटावत होती, "अगं, मेले नाही मी, ओरडू नकोस. कुणीतरी काढला असेल प्लग, उंदराने काढला असेल."

खाली येऊन तिने साहेबांना फोन लावला. "सहा नंबर जिवंत आहे. दवाखान्यासाठी दुसरी पेटी पाठवा, मीच बसवेन."

"दुसरी पेटी म्हणजे दोन दिवस! आणि खुलासा?"

"लिहिते ना. लिहायला मार्कर आहे माझ्याकडे."

पाळणाघराच्या बाईंना तिने कळवलं, वीस मिनिटं उशीर होईल, तिला खाऊ द्या. मग ती परत स्टुलावर चढली. झाकणाच्या आतल्या बाजूला आजची तारीख घातली, क्रमांक घातला, आणि दंडकाला धाब्यावर बसवून खाली बारीक पण ठळक अक्षरांत लिहिलं:

"पेटी उघडणाऱ्या भावा, बहिणी, सहा नंबर गप्प दिसली तर यादीवर जाऊ नकोस. चौथ्या मजल्यावर जा. दार वाजव आणि थांब. आजी हळू चालतात, दाराशी यायला आठ मिनिटं लागतात. नऊ झाली तर दार फोड. पण आधी जा, आत्ताच जा."