पुसलेला व्हिडिओ

पंकजा नऊ वर्षांपासून पाथर्डीजवळच्या एका गावात आशाताई होती. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप तिनेच लसीकरणाच्या तारखा कळवायला काढला होता. पुढे त्यावर टँकरच्या वेळा, दहाव्याचे निरोप आणि कुठून कुठून आलेले व्हिडिओही पडू लागले.

एका सकाळी गहिनीनाथने असाच एक टाकला. तो गाव ते पाथर्डी जीप चालवायचा. कुणाच्याही अडचणीला धावून जाणारा, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. व्हिडिओतला माणूस सांगत होता, की बीपीच्या गोळ्यांनी किडन्या जातात. गोळ्या सोडा, पाल्याचं चूर्ण घ्या. पंकजाने तो पाहिला आणि कुणाला काही न सांगता काढून टाकला.

दिवसभर ग्रुपवर तोच विषय चालला. शाळेच्या गुरुजींनी ‘बरं केलं’ असं लिहिलं. तिघं-चौघं रागाने ग्रुप सोडून गेले. संध्याकाळी गहिनीनाथने तिला जीपपाशी थांबवलं. आवाज चढवला नाही, पण त्याला लागलेलं दिसत होतं.

“खोटा असंल तर खोटा म्हनायचं, ताई. पुसून टाकायला आमी काय बारकी पोरं हाय का?”

लोक वाद घालत बसले तर तेवढ्यात कुणाच्या तरी जिवावर बेतेल, असं पंकजा म्हणाली. आपलं चुकलं असं तिला वाटलं नव्हतं.

आठवड्याने ती गहिनीनाथच्या चुलतीकडे, चांगुणाबाईंकडे गेली. साठीतली एकटी बाई. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट भरलेलंच होतं आणि डोकं दोन दिवस जड होतं. व्हिडिओ त्यांनी पाहिलाही नव्हता, त्याच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं.

“पुसला म्हंजी कायतरी खरं असनार, असं समद्या बाया म्हनल्या,” त्या म्हणाल्या. “मंग मी बंद केल्या गोळ्या.”

पंकजाने लगेच गहिनीनाथला फोन केला. तो रिकामी जीप घेऊन आला.

आरोग्य केंद्रात बीपी एकशे नव्वद निघालं. डॉक्टर रागावले नाहीत. बीपी वाढलेलं राहिलं तर किडन्या खराब होतात, गोळ्या त्या सांभाळतात, असं त्यांनी समजावलं आणि तो व्हिडिओ दाखवायला सांगितला. गहिनीनाथच्या फोनमध्ये तो अजून होता. सगळ्यांनी मिळून तो शेवटपर्यंत पाहिला. शेवटी चूर्ण मागवायचा नंबर होता.

दुपारी चांगुणाबाईंना घरी सोडल्यावर त्याने ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. “त्यो व्हिडिओ मी पुरता बघितला नव्हता. माझ्या चुलतीनं गोळ्या सोडल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. कुनी गोळ्या सोडू नका.”

पंकजाने त्याखाली लिहिलं, की यापुढे काही काढलंच तर का काढलं तेही ती सांगेल. गुरुजींना ते पटलं नाही. असलं काही दिसताक्षणी काढावं, असंच त्यांचं मत राहिलं. गेलेल्यांपैकी दोघं परत आले.

दुसऱ्या दिवशी तीन बायका आपापल्या गोळ्या पदरात बांधून पंकजाच्या दारात आल्या. तिने सतरंजी अंथरली आणि एकेक पाकीट हातात घेऊन, कोणती गोळी कशाची ते सांगायला बसली.