निनादचा बेंजोवाला

गिरिजाला विचाराल तर अख्ख्या दुबईत कंट्री गाणारा मराठी माणूस एकच, तिचा निनाद! कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातली गाणी. पण आपल्या लोकांना कंट्री म्हटलं की देशी दारूच आठवणार. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका फिदीफिदी हसायच्या. हसा गं हसा, गिरिजा मनात म्हणायची. बर दुबई नावाच्या भागातल्या एका लहानशा हॉटेलात तो वर्षानुवर्षं गात होता, पण त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याचा जोडीदार उझैर, कराचीचा बलुच, अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या कारखान्यांत वेल्डर. जोडी जमली तीच मुळी घोळातून. निनादला हवा होता गोल, अमेरिकन बँजो वाजवणारा. उझैर आला आपला बेंजो घेऊन, बटणं दाबून वाजवतात तो, आपल्या वरातीतला! "आपने बेंजोवाला बोला था ना?" निनादने कपाळावर हात मारला. पण उझैरने वाजवायला घेतलं आणि गडी तिथेच विरघळला. त्यानंतर तो उझैरशिवाय कधी गायला नाही.

यंदा अबू धाबीतल्या एका मोठ्या रिसॉर्टने बोलावलं. पोस्टरवर निनादचा फोटो! गिरिजाने सगळं मंडळ गोळा करून नेलं. मंडळी बाहेर थांबली, गिरिजा दोघांबरोबर आत गेली. रिहर्सलला मॅनेजर म्हणाला, "सिंगर परफेक्ट. पण ये खिलौना नहीं चलेगा. बँजो हमारा आदमी बजाएगा."

उझैर बेंजो पिशवीत भरू लागला. "तू गा, हबीबी. मैं सुनूँगा."

निनादने बायकोकडे पाहिलं. "गिरिजा, काय करू गं?"

असा स्टेज पुन्हा कोण देणार? गा रे बाबा, आजच्यापुरतं गा, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण उझैर पिशवीची चेन लावत होता आणि ती काही केल्या लागत नव्हती. गिरिजाचं डोकंच फिरलं.

"दोनों स्टेज पर जाएँगे, नहीं तो कोई नहीं," तिने मॅनेजरला सुनावलं. "खलास!"

मॅनेजरने खांदे उडवले आणि पोस्टर उतरवायला सांगितलं.

बाहेर सुलभाताईंनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काढून टाकलं," पोरगं बोर्डात आल्यासारखं गिरिजाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "दोघांनाही!"