महादेवरावची जिप्सी अन् माहे ब्रेक

"नत्थूजीचा हात गेला!" असं महादेवराव पोळ्याच्या संध्याकाळी भर चौकात बोलला. अठ्ठेचाळीस वर्षं झाली मले ब्रेकचं काम करता करता. अल्लीपुरातल्या किती गाड्या माह्या भरोशावर चालते, हे मोजत बसलो तं दिवस सरन. अन् हा माणूस साऱ्या गावासमोर माह्या हातालेच नावं ठेवते!

झालतं असं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, आमच्या गावात लाकडाचा मोठा नंदी निघते. गाड्यावर उभा, माणसाच्या दुप्पट उंच. लोकं दोर लावून ओढते, अन् समोरून गावचे पोट्टे आपापले लहान नंदी घेऊन चालते. यंदा मंडळाचा अध्यक्ष महादेवराव. त्यानं काढलं, दोर-बिर काही नाई, यंदा नंदी माही जिप्सी ओढीन. त्या जिप्सीचे ब्रेक आठ दिवसाआधी मीच बनवून देल्लते. नवे पॅड, नवे लायनर. आदल्या संध्याकाळी नंदी लावून चालवून पाह्यली, तं मंडपाजवळ गाडी थांबेच ना. माणूस पायी चालते तितकीच हळू होती, तरी जाऊन खांबाले भिडली. खांब मोडला. कोणाले लागलं नाई हे नशीब, अन् सारा दोष माह्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याच्या घरी गेलो. खोटं काऊन बोलू, धास्ती मलेही होती. सत्तरीत माणसाचा हात जाऊ शकते. चारही चाकं खोलली. पॅड बरोबर, लायनर बरोबर, तेलाचा एक थेंब बाहेर नाई. मंग चाबी फिरवली अन् आवाज ऐकला. धडक्-लब्, धडक्-लब्. उभी गाडी दमेकऱ्यावाणी हलून राह्यली.

"कॅम बदलवला का, महादेवराव?"

"हाव! नागपुरात बसवला, तुमी ब्रेक करून देल्ले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. रेसचा कॅम हाय. आवाज पाहा ना कसा मस्त येते!"

"मंग ब्रेक माह्यानं नाई गेले. ह्या कॅमनं गेले."

तो हासला. "कॅम इंजिनात, ब्रेक चाकात. नत्थूजी, वय झालं, मान्य करा ना. त्यात लाज कायची?"

असा संताप आला का हातातला पाना टाकून घरी जावं. पण गेलो असतो तं तो म्हणे तेच खरं झालं असतं. म्हटलं, "ऐका. इंजिन हळू चालते तवा आतून हवा ओढते. त्या ओढीवर बूस्टर चालते, अन् बूस्टर तुमच्या पायाले जोर देते. इंजिनातले वाल कवा उघडाचे अन् किती वेळ, हे कॅम ठरवते. तुमचा हा रेसवाला कॅम हवा आत घेणारा अन् धूर बाहेर टाकणारा, दोन्ही वाल जास्त वेळ संगच उघडे ठेवते. गाडी पळवाले तो चांगला. पण हळू चालताना ओढच राह्यत नाई. फुटकी नळी लावून उसाचा रस पिऊन पाहा, तसं."

"मी तं काल हायवेवर पळवली. मस्त ब्रेक लागले."

"पळवताना लागनच! रेसवरून पाय काढला का तवा ओढ भेटते. बसा गाडीत. रेस न देता, आयडलवर, ब्रेकचं पेडल दाबा, तीन डाव."

बसला. पह्यला डाव दबलं, दुसऱ्या डावाले आखडलं, तिसऱ्या डावाले दगड. मी रेस देऊन सोडाले लावली, पेडल पुन्हा नरम. दोन डाव दाबलं का पुन्हा दगड. मंग मी ओढ मोजाचं मीटर लावलं. काटा आठ अन् दहाच्या मधात थरथरत राह्यला. म्हणे, "मीटर खराब असन." शेजारच्या बंडूजीकडं तशीच जिप्सी हाय, पण कंपनीच्या कॅमची. तेच मीटर तिले लावलं. काटा एकोणीसवर जाऊन गप उभा.

"आता सांगा, मीटरही म्हातारा झाला का?"

बंडूजी खदखदून हासला. महादेवरावचं तोंड उतरलं, पण पीळ काही जाईना. म्हणे, "मंग आयडल वाढवून द्या."

"नाई करत. आयडल वाढवलं तं गाडी आपल्याच जोरानं पुढं जाईन. मागं नंदीचं ओझं, समोर लेकरं. जुना कॅम बसवा, नाई तं दोर लावा."

"मिरवणूक चार वाजता निघन अन् जिप्सीच ओढीन. तुमी मिस्त्री हा, मिस्त्रीवाणी राहा."

राह्यलो मंग मिस्त्रीवाणी. चार वाजता नंदी जिप्सीले बांधला, तो गाडीत बसला, अन् समोर शंभरेक पोट्टे, नवे कपडे घालून. मी पोट्ट्यायले बाजूले सारलं अन् जिप्सीसमोर दहा पावलांवर खुर्ची टाकून बसलो.

"कॅमचा काही संबंध नाई म्हणता ना? मंग आणा गाडी हळू हळू, अन् माह्या गुडघ्याजवळ थांबवा. लेकरायमागं चालवाले भेत नाई, तं एका म्हाताऱ्याचं काय भेव?"

माही बायको आनंदाबाई धावत आली. "उठा न जी, येडे झाले का?" मी उठलो नाई. तं पदर खोचून तीही माह्या बाजूले मातीत बसली.

महादेवरावनं क्लच सोडला. जिप्सी पुढं सरकली, दोन पावलं, तीन. त्यानं ब्रेक दाबला, मले त्याचे खांदे दिसले, सारं आंग पेडलवर टाकलं होतं. गाडी येतच होती. मंग त्यानं गिअरमध्येच इंजिन बंद केलं अन् जिप्सी झटका खाऊन उभी राह्यली. बंपर माह्यापासून हातभर.

तो उतरून जवळ आला, कपाळावर घाम. हळूच म्हणे, "उठा, नत्थूजी. दोर आणाले सांगतो."

"दोर तं येईनच. आधी सांगा, ब्रेक कोणाच्या हातानं गेले."

"इथं? सगळ्यायसमोर?"

"इथंच."

त्यानं इकडंतिकडं पाह्यलं, मान खाली घातली अन् पुटपुटला, "चूक माही हाय. नत्थूजीचं काम बरोबर हाय."

"आयकू नाई आलं!" मागून बंडूजी ओरडला.

महादेवराव पुन्हा बोलला, ह्या डावाले मोठ्यानं. तवा कुठी मी खुर्चीवरून उठलो.