निळ्या बैलाचे डोळे

माझी धाकटी जाऊ मैना स्वप्नात पाहिलेलंच चित्र काढायची. ते भिंतीवर उतरेपर्यंत तिला चैन पडत नसे. वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडून ती नुसती उभी राही, वाफा फुटून जाई आणि बोलणी मला बसत. वर तिचे रंगही मीच वाटायचे.

त्या वर्षी विलायतेला कापूस पुरेना, म्हणून आमच्या चांदूर बाजाराकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. खुशालराव पाटलांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. लेक जयवंता अकोल्याला द्यायची ठरली, तेव्हा त्यांनी मैनाला बोलावलं.

"लग्नाच्या भिंतीवर आगगाडी पायजे," ते म्हणाले.

अकोल्याकडे तेव्हा रुळांची नुसती बोलणी चालली होती. आगगाडी गावात कोणीच पाहिली नव्हती. मैनाला ती स्वप्नात दिसली. टेकडीएवढा निळा बैल, मागे खोल्यांची रांग आणि खोल्यांत सासरी गेलेल्या पोरी. ती चित्र काढता काढता गोष्ट सांगायची आणि जयवंता हातातलं काम टाकून ऐकत बसायची.

"कुठी नेते तो त्याइले?"

"माहेरी. डोये भेटले का निंगते."

आमच्याकडे चित्राचे डोळे शेवटी उघडतात, हळदीच्या सकाळी, नवरीसमोर. तोवर चित्र आंधळं.

हळदीच्या आदल्या दिवशी पाटील भिंत बघायला आले. "आगगाडीले बैल असते काय? व्याही ममईची गाडी पाहून आले. हासतीन मले." त्यांनी लगेच गड्याकडून चुना मारून घेतला. डोळे उघडल्याशिवाय चित्र पुसू नये, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाटील मोठेपणाच्या नादात विसरले. मला असा संताप आला की रंगाची वाटी तिथंच आपटली.  मैनानं दिवसभर घर आणि ती भिंत अशा येरझारा घातल्या.

"बाई, तो फिरून राहिला. त्याले वाट दिसून नाही राहिली."

"चूप बस. भितीवरचा बैल कुठी फिरते?" मी म्हटलं, पण माझ्याही जिवाला घोर लागला.

लग्न लागलं. पाठवणीच्या सकाळी जयवंता परसातून आमच्याकडे आली. डोळे सुजलेले.

"काकू, तो बैल माह्या सपनात आला. भितीले धडकून राहिला."

मैनानं तिला खाली बसवलं, कुंचला काजळात बुडवला आणि तिच्या दोन्ही तळहातांवर एकेक डोळा काढला. "सुकू दे. मूठ मिटू नको."

अंगणात गाडी जुंपलेली होती. जयवंता हात पसरूनच उभी. ना तिनं हात जोडले, ना कोणाला मिठी मारली. व्याह्यांपुढे पाटील चिडले.

"पाया पड ना. हात काहून असे धरले?"

त्यांनी तिची मनगटं धरून हात पुढे ओढले आणि तळहातांवरचे डोळे बघतच राहिले. व्याही घाई करत होते. पाटलांनी गर्दीत मैनाला शोधलं.

"या बैलाले वाट दिसन ना वं?" त्यांनी विचारलं.

"दिसन, पाटील. आता पुसू नोका मातर."

पाटलांनी लेकीला स्वतः उचलून गाडीत बसवलं. तिचे हात कुठं टेकू दिले नाहीत.